येते म्हणणारी बाई

श्रिया दाराखालच्या फटीतून बोटं आत घालते. आधी एक, मग दोन, मग चारी. "आई, बोट बघ." तेव्हा मी हेडफोन लावून आयर्लंडमधल्या कुणाशी तरी बोलत असते. बोलणं न थांबवता मी खुर्ची थोडी मागे सरकवते आणि पायाच्या अंगठ्याने त्या बोटांना हळूच शिवते. बाहेरून खुदकन हसू येतं, आणि बोटं पळून जातात.

आमचं हे असं भेटणं सुरू झालं, त्याला कारण माझी नोकरी. दुपारी माझं ऑफिस उघडतं, तेव्हा आयर्लंडात सकाळ असते. ऑफिस म्हणजे आमच्या डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या फ्लॅटमधली बेडरूम. खिडकीपाशी सासूबाईंच्या शिलाई मशीनचं टेबल आहे, मशीन आत दुमडलेलं, वर लॅपटॉप. कॉल लांबला की माझा पाय नकळत खालच्या पॅडलवर जातो आणि आतल्या आत चाक फिरायला लागतं.

कंपनी जगभर माणसं पुरवते. वृद्धाश्रमांना केअरगिव्हर, हॉटेलांना स्वयंपाकी, गोदामांना हमाल. माझी बॉस ओर्ला डब्लिनजवळच्या एका गावात, तिच्या स्वयंपाकघरात बसते. माझ्या 'शेजारच्या टेबलावर' बसणारी रोझलिन मनिलात असते. एकीलाही मी कधी प्रत्यक्ष भेटलेली नाही, पण रोझलिनच्या घरी आज काय शिजलंय ते मला ठाऊक असतं.

माझं काम खुशाली विचारण्याचं. आपण पाठवलेली माणसं तिथे नीट नांदतायत ना, हे दर आठवड्याला फोन करून विचारायचं. लेक सासरी पाठवल्यावर माहेरचे विचारतात ना, तसं. काम आवडायचं मला. इंग्रजी माझं खडवलीच्या मराठी शाळेतलं, पण ट्रेनिंगमध्ये ओर्ला म्हणाली होती, "ग्रामर राहू दे. आवाजात आपुलकी हवी." ती तर आमच्याकडे भरपूर.

शेजारीपाजारी अर्थातच ह्याला नोकरी मानत नाहीत. समोरच्या सगुणाकाकू कुरिअरवाल्याला परस्पर सांगतात, "हेमांगीकडे ठेव रे, ती घरीच असते, तिला काय काम?" त्यामुळे दाराशी कायम कुणाची तरी मिक्सरची भांडी आणि कुणाच्या तरी चपला येऊन पडलेल्या.

श्रिया झाली तेव्हा मी ठाण्याची नोकरी सोडली होती. माजिवड्याला ऑफिस, जायला यायलाच दिवस संपायचा. तान्ह्या लेकराला तेवढा वेळ कुठे ठेवणार? ही घरून काम करायची नोकरी मिळाली, तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली होती. मात्र अजून कायम झाले नव्हते. प्रोबेशन संपत आलं होतं आणि महिनाअखेरीस निर्णय होता. कायम झाले तर श्रिया दाराच्या त्या बाजूला. नाही झाले तर मी पुन्हा माजिवड्याला, आणि ती पाळणाघरात. चौकशीही करून आलो होतो. पाळणाघर वाईट नव्हतं, भिंतीवर ससे काढले होते. तरी येताना रिक्षात माझा नवरा सौमित्र एका बाजूला बघत होता आणि मी दुसऱ्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ओर्लाची मेल आली.

एका वृद्धाश्रमाने तक्रार केली होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लहानसा वृद्धाश्रम, आमच्या केअरगिव्हर मुली तिथे कामाला. मुख्य बाई ब्रीडा. ह्या ब्रीडाशी तर माझं छान जमलं होतं! तिने लिहिलं होतं, 'तुमची प्रतिनिधी दर वेळी फोनवर येते म्हणून सांगते आणि येत नाही. आम्ही चहाची तयारी करतो. आमचे एक रहिवासी, कॉन, ह्यांच्याकडे आता कुणीच येत नाही. पाहुणी येणार म्हणून ते दर गुरुवारी, भेटीच्या दिवशी, टाय लावून हॉलमध्ये बसतात, आणि संध्याकाळी मला तो सोडवून द्यावा लागतो. खोटी आश्वासनं देणाऱ्या कंपनीबरोबर पुढे काम करायचं का, ह्याचा आम्हाला विचार करावा लागेल.'

खाली ओर्लाची ओळ. 'रेकॉर्डिंग जोडली आहेत. ऐकून ठेव. उद्या बोलू.'

मी मेल पुन्हा पुन्हा वाचली. येते? मी? कुठे?

सौमित्र घरी आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत ताट समोर घेऊन नुसती बसले होते. त्याने बूटही काढले नाहीत. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं.

"नीट आठव. बोलण्याच्या भरात म्हणाली असशील. तू म्हणतेस कधीकधी."

"अरे, काय म्हणते मी कधीकधी?"

"पनवेलच्या मावशीला नाही का, प्रत्येक फोनला म्हणतेस, येऊन जाते एकदा."

"पनवेल आणि आयर्लंड एक आहे का? माझा पासपोर्टपण नाहीये, सौमित्र!"

"बरं बरं. ऐकव."

एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. दोघं ताटापाशी डोकं जोडून बसलो. ब्रीडाचा आवाज, माझा आवाज. मुली बऱ्या आहेत का, थंडीचे कपडे मिळाले का, रात्रपाळीचा घोळ मिटला का. मग शेवटी मी, अगदी गोड आवाजात, "ओके ब्रीडा, आय विल कम देन. बाय, बाय."

पुढचं रेकॉर्डिंग. तेच. "चला... ओके ब्रीडा, आय विल कम."

सौमित्रने इअरफोन काढला. "ह्यात कुठे काय आहे? किती छान बोललीयेस. निरोपही व्यवस्थित घेतलायस."

"तेच ना!"

"त्या बाईचाच काहीतरी गैरसमज झालाय. दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असेल. तू ठणकावून सांग उद्या."

इतक्या जवळ कान लावून आम्ही दोघांनी ऐकलं, आणि दोघांनाही ऐकू आलं नाही. सासूबाई ओट्याशी होत्या. त्या म्हणाल्या, "आधी जेवा. अन्नासमोर वाद नको." आम्ही जेवलो. पण डोळ्यासमोर सारखा तो टाय येत होता. कसा असेल? रंग विटलेला असेल का? गाठ स्वतः मारत असतील की कुणाकडून मारून घेत असतील?

दुसऱ्या दिवशी मनात वाक्यं जुळवत मी कामाला बसले. मी असं काहीही म्हटलेलं नाही. कृपया तपासून पाहावं. श्रिया बाहुली घेऊन मागे मागे आलेली. तिच्या गालाची पापी घेतली, "आई येते हं, श्रियू," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी दाराखाली बोटं आली नाहीत. मला वाटलं, झोपली असेल. मधल्या सुट्टीत दार उघडलं तर बाई उंबऱ्याशीच, पायपुसण्यावर, बाहुलीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली. पायात सँडल. तेही उलटे.

"हे काय आई? हिला इथे का झोपवलंत?"

सासूबाई शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. "मी कशाला झोपवू? किती वेळा म्हटलं, चल पलंगावर. हलेल तर शपथ. आई येते म्हणाली, आई येते म्हणाली. सँडलसुद्धा घालून बसली, तू आलीस की खाली जायचं म्हणून."

"अगं बाई."

"मग? तू रोज येते म्हणून सांगतेस आणि आत जाऊन दार लावतेस. ते पोर बिचारं वाट बघत बसतं. तिला काय ठाऊक, आपण येते म्हणतो ते जाताना म्हणतो. नवी आहे ती अजून भाषेत."

मी वाकले होते तिला उचलायला. तशीच वाकलेली राहिले.

"आई, परत म्हणा."

"काय? सँडल?"

"नाही. येते म्हणजे..."

"येते म्हणजे जाते! तुला काय आज नव्याने सांगायला हवं?"

श्रियाला पलंगावर ठेवून मी धावत लॅपटॉपपाशी गेले आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ओके ब्रीडा, आय विल कम देन. ह्या वेळी मराठी कानाने नाही, ब्रीडाच्या कानाने ऐकलं. बरं तर ब्रीडा, मी येईन मग. असं स्पष्ट, ठासून, गोड आवाजात. दर आठवड्याला.

माझ्या आईने लहानपणी कधी 'जाते' म्हणू दिलं नाही. शाळेत निघताना चुकून तोंडून गेलं तर ती उंबऱ्यातून परत बोलवायची, 'येते म्हण' म्हणायची आणि मगच पुढे जाऊ द्यायची. आज एवढी मोठी झाले तरी 'जाते' म्हणताना जीभ अडखळते. इंग्रजीत 'आय विल गो' म्हणून सुरुवातीला बघितलं होतं, पण ते इतकं कोरडं, अभद्र वाटायचं, की जीभ आपोआप दुसरीकडे वळली. आणि आपुलकी तर हवीच होती.

ओर्ला स्क्रीनवर आली. नेहमी मागे दिसणारी तिची किटली आज दिसत नव्हती. तिने मागचं सगळं धूसर करून ठेवलं होतं. मी ओळखलं, आज कामाचं बोलणं आहे.

"हेमांगी, ऐकलंस?"

"ऐकलं. मीच म्हणाले आहे."

बहुधा तिने दुसऱ्या उत्तराची तयारी केली होती. "मग का म्हणालीस?"

"मी तिला बाय म्हणत होते."

मग मी सांगत गेले. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात. आत्ता निघतेय, पण परत येणार आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात.

"आणि जाते म्हटलं तर?"

"जाते म्हणजे... जे परत यायचे नसतात, ते जातात."

ओर्लाने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "मला पटलं. पण क्लायंटला पटायला हवं. हा वृद्धाश्रम गेला तर तुझ्या कन्फर्मेशनच्या वेळी मी काही बोलू शकणार नाही, हे तुला आत्ताच सांगते. तू स्वतः ब्रीडाला फोन कर. मग बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. तिच्याकडे काय असतं, कोण जाणे.

ब्रीडाचा आवाज बर्फासारखा होता. "बोला."

मी सॉरी म्हटलं. मग पुन्हा सगळं सांगितलं, ओर्लाला सांगितलं त्याहून वाईट इंग्रजीत. श्रियाचंही सांगितलं, पायपुसण्यावरच्या झोपेचं, उलट्या सँडलचं. पलीकडे मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"म्हणजे तू डब्लिनहून बोलत नाहीस?"

"नाही. डोंबिवलीहून."

"ते कुठे आलं?"

"मुंबईच्या पुढे. ठाणे सोडलं की..." मी थांबले. तिला ठाणे काय कळणार? "इंडिया."

"देवा," ब्रीडा म्हणाली. मग उसासा. "इतके दिवस मी आचाऱ्याला केक करायला लावते आहे." आणि लगेच, "बरं, हेमांगी. समजलं मला. आय विल लेट यू गो."

माझा पाय पॅडलवर होता. चाक थांबलं.

लेट गो. आमच्या कंपनीत ह्या शब्दांचा अर्थ एकच. माणसाला कामावरून काढतात, तेव्हा अहवालात हेच शब्द लिहितात, मी स्वतः किती वेळा भरलेत. ब्रीडा हे शब्द पूर्वीही फोन ठेवताना म्हणायची, पण तेव्हा मी घाईत असायचे, कानावरून जायचे. आज ते थेट छातीत उतरले. दाराबाहेर श्रिया उठली होती, आजीकडे दूध मागत होती. पाळणाघरातले भिंतीवरचे ससे डोळ्यासमोर आले.

"प्लीज," मी म्हटलं. "प्लीज, कामावरून काढू नका. मी कॉनना स्वतः सॉरी म्हणेन. पत्र लिहीन. मला लहान मुलगी आहे, मला घरूनच..."

"थांब, थांब. कामावरून कोण काढतंय?"

"तुम्ही आत्ता म्हणालात. लेट यू गो."

आणि मग ब्रीडा हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग असं की फोन लांब धरला असावा. "अगं, ते आम्ही फोन ठेवताना म्हणतो! तुझा वेळ घेत नाही, तुझ्या कामाला जा, एवढाच अर्थ. आई गं. दर आठवड्याला तू मला येते म्हणतेस आणि मी तुला कामावरून काढते!"

मला हसू येईना. मग एकदम आलं, डोळ्यांतलं पाणी तसंच असताना. दोघी हसत सुटलो. सासूबाईंनी दार किलकिलं करून आत डोकावलं, मी हातानेच 'काही नाही, काही नाही' केलं.

हसू ओसरल्यावर ब्रीडा गंभीर झाली. "माझं ठीक आहे. मी कंपनीला कळवते. पण कॉनना काय सांगू? उद्या गुरुवार. ते बसणार."

"मी येते," मी म्हटलं. आणि लगेच, "नाही, म्हणजे खरंच येते. व्हिडिओवर. चालेल?"

गुरुवारी सासूबाईंनी टेबलावरची धूळ पुसली आणि खिडकीचा पडदा बदलला. "पाहुण्यांना मागचं दिसतं ना?" मी केस विंचरले. ओर्लाही कॉलवर होती, पण कॅमेरा बंद करून. काळ्या चौकोनात नुसतं तिचं नाव. तिने आधीच लिहिलं होतं, 'मी फक्त बघणार आहे. माझ्याकडे लक्ष देऊ नकोस.' म्हणजे परीक्षाच.

ब्रीडाने टॅब्लेट धरून हॉलमध्ये नेला. खिडकी, खिडकीबाहेर राखाडी समुद्र, आणि खुर्चीत एक किडकिडीत म्हातारा. टाय हिरवा होता. विटलेला वगैरे मुळीच नव्हता, चांगला झळझळीत होता. गाठ मात्र वाकडी.

"गुड मॉर्निंग, सर. मी हेमांगी. मला यायला उशीर झाला."

कॉननी टॅब्लेटकडे निरखून पाहिलं. "तूच का ती, येते म्हणणारी?"

"हो."

"बाकीचे सगळे येणार नाही म्हणून सांगतात, आणि येत नाहीत. तू निदान येते तरी म्हणत होतीस." ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

तेवढ्यात दारावर थाप. "आई! आई, शू!"

घरून काम करणाऱ्यांच्या नियमांत पहिल्याच पानावर आहे, क्लायंटशी बोलताना घरातले आवाज येता कामा नयेत. मी काळ्या चौकोनाकडे पाहिलं. चौकोन गप्प.

"मूल आहे का ते?" कॉननी विचारलं. मान पुढे आली.

"सॉरी, सर. माझी मुलगी."

"सॉरी कशाला? तिला बाहेर का ठेवलंय?"

सासूबाई तिला उचलून न्यायला धावत आल्या, पण हँडल आधीच फिरलं होतं. दार उघडलं, आणि श्रिया, मागोमाग आजी, दोघी थेट कॅमेऱ्यासमोर. शू अर्थातच खोटी होती. श्रियाने स्क्रीनला नाक लावलं. "हे कोण आजोबा?"

"आयर्लंडचे," मी म्हटलं.

सासूबाईंनी पदर सावरला. त्या इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या, पण डोंबिवलीच्या बाहेर फार गेलेल्या नाहीत. त्या कॉनच्या मागच्या समुद्राकडे बघत राहिल्या, आणि अगदी वर्गातल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा सुटा म्हणत विचारलं, "सर, इज इट ट्रू, दॅट युवर हार्बर डझ नॉट फ्रीझ? बिकॉज ऑफ द वॉर्म करंट?"

कॉन खुर्चीत सरळ झाले. "मॅडम," ते म्हणाले, "चाळीस हिवाळे मासेमारी केली मी त्या पाण्यात. गोठलं नाही. पण उबदार? उबदार कोण म्हणालं तुम्हाला?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याला माझ्या बोटीवर पाठवा."

सासूबाई हसल्या. खुर्चीवरून मला उठवून स्वतः बसल्या. श्रिया त्यांच्या मांडीवर चढली. मग वाऱ्याची दिशा, मग मासे, मग बोंबील कसा वाळवतात, आणि तो वास सहन न होणाऱ्या शेजाऱ्यांचं काय करावं. कॉननी टाय जरा सैल केला, आणि ब्रीडाने कुणाला तरी हाक मारून केक आणायला सांगितलं.

कोपऱ्यात ओर्लाचा मेसेज उमटला. 'क्लायंट राहतोय, ब्रीडाची मेल आली. तुझं पत्र सोमवारी पाठवते. कायमचं.' आणि खाली, 'ह्या मॅडम कोण? त्यांना मध्ये थांबवू नकोस.'

'कायमचं' हा शब्द मी नीट, हळूहळू वाचला. ह्याला आमच्याकडे आणि तिच्याकडे एकच अर्थ ना, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. सौमित्रला फोन लावला, तर बोलवेना. तो पलीकडून, "हॅलो? अगं बोल ना! झालं ना? झालं का?" करत राहिला. मी म्हटलं, "झालं रे. आपली श्रियाबाई घरीच."

माझा पुढचा कॉल उभा होता, एका गोदामाचा. लॅपटॉप सासूबाईंसमोर, खुर्ची त्यांच्याखाली, आणि त्या आता कॉनना सह्याद्री समजावून सांगत होत्या, टेबलावर बोटाने रेघा काढत. श्रिया त्या रेघांवरून बाहुली चालवत होती. मी फोन आणि हेडफोन उचलले, गॅलरीत गेले, दोरीवरचे कपडे बाजूला सारले आणि नंबर फिरवला.